यादीत नाव नाही, त्यानंतरचे सहा आठवडे

जुलै लागला की सरकारी रुग्णालयाच्या मेडिसिन ओपीडीत ताप, डेंग्यू आणि जुलाबाचे रुग्ण वाढतात. त्यांची नोंद होते, आकडे वर जातात, बैठका होतात. त्याच रांगेत दरवर्षी आणखी काही माणसं उभी असतात आणि त्यांची वेगळी नोंद कुठल्याच रजिस्टरमध्ये होत नाही. पोट दुखतं म्हणून आलेली अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी. सोनोग्राफी नॉर्मल, रक्त-लघवीचे रिपोर्ट नॉर्मल. पन्नाशीच्या आतले वडील. आजवर कधी बीपी नव्हतं, आता १७०/१०० भरतंय. रात्री दोनला जाग येते आणि मग पहाटेपर्यंत छताकडे बघत पडून राहते, असं सांगणारी आई. केसपेपरवर तिघांची तीन निदानं लिहिली जातात. जरा बोलतं केलं की कळतं, घरात कोणीतरी नीट दिली आहे, नाहीतर सीईटी किंवा जेईई. यादी लागली आहे आणि नाव हवं तिथे नाही.

मी मानसोपचारतज्ज्ञ नाही, फिजिशियन आहे. पण ही माणसं मानसोपचार विभागाची पायरी सहसा चढत नाहीत. पित्त, धडधड, डोकेदुखी, हातापायाला मुंग्या अशा तक्रारी घेऊन ती आमच्या टेबलासमोर बसतात. पंचवीसेक वर्षं हे बघितल्यावर माझं एक मत झालं आहे. प्रवेश न मिळण्याचा धक्का एका दिवसाचा असतो. तब्येत बिघडते ती पुढच्या पाच-सहा आठवड्यांत, आणि त्यात यादीइतकाच घरातल्या मोठ्या माणसांचा वाटा असतो.

आधी आकडे बघू. वैद्यकीय प्रवेशाचं उदाहरण घेते, कारण ते मला जवळून माहीत आहे. २०२५ मध्ये देशभरात २२ लाखांहून अधिक मुलांनी नीट-यूजी दिली. त्यातली १२ लाखांहून अधिक ‘पात्र’ ठरली. एमबीबीएसच्या जागा सरकारी, खासगी, अभिमत सगळ्या मिळून सव्वा लाखाच्या आसपास, त्यातल्या साधारण निम्म्या सरकारी. म्हणजे पात्र ठरलेल्या दहाजणांमागे एक जागा, आणि सरकारी जागा वीसजणांमागे एक. ‘पात्र’ या शब्दावर अनेक घरांत पेढे वाटले जातात, चौकात फ्लेक्स लागतात, आणि महिन्याभराने त्याच घरात कोणी कोणाशी बोलत नाही. पात्र म्हणजे प्रवेशाचा फॉर्म भरायची परवानगी, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. हे निकालाआधीच आजी-आजोबांना, काका-मामांना समजावून सांगितलं तर पुढचा बराच मनस्ताप वाचतो.

आता परीक्षेचं गणित. १८० प्रश्न, ७२० गुण. बरोबर उत्तराला चार, चुकलं तर वजा एक. एक गोळा चुकीचा काळा झाला की पाच गुणांचा फरक. पात्र ठरलेली बारा लाख मुलं साधारण पावणेसहाशे गुणांच्या पट्ट्यात पसरलेली असतात. सरासरी काढली तर एकेका गुणावर दोन हजारांहून अधिक मुलं येतात. वरच्या टोकाला ही गर्दी विरळ असते आणि खाली दाट होत जाते, पण प्रवेशाच्या रेषेजवळही एका गुणावर शेकड्यांनी मुलं उभी असतात. एका गोळ्यामुळे मुलगा काही हजार क्रमांकांनी मागे जाऊ शकतो. त्या गोळ्यावरून त्याला जीवशास्त्र किती समजतं किंवा तो पुढे रुग्णाशी कसा वागेल, यातलं काहीही कळत नाही.

आम्हा डॉक्टरांना अशा रेषांची सवय असते. उपाशीपोटी साखर १२६ किंवा त्याहून जास्त भरली आणि पुन्हा तपासल्यावरही तशीच आली, तर आम्ही मधुमेह म्हणतो. १२४ भरली तर मधुमेहाची पूर्वपायरी. या दोन माणसांच्या शरीरात फरक काय? जवळजवळ काही नाही. चार दिवसांनी तपासलं तर आकडे उलटेही येतील. शिवाय ही रेषा काही कायमची नाही. मी शिकत होते तेव्हा ती १४० वर होती. १९९७ मध्ये अमेरिकन डायबेटीस असोसिएशनने ती १२६ वर आणली, मग इतरांनीही ती स्वीकारली, आणि शरीरात काडीचा बदल न होता कितीतरी माणसं मधुमेहींच्या यादीत आली. रेषा लागतेच, कारण औषध कुठून तरी सुरू करावं लागतं. पण १२६ हा आकडा बघून कुठलाही शहाणा डॉक्टर समोरच्या माणसाबद्दल मत बनवत नाही.

प्रवेशाची रेषा याहून चंचल आहे. २०२३ मध्ये ७२० पैकी ७२० गुण दोघांना मिळाले. २०२४ च्या पहिल्या निकालात ते ६७ जणांना मिळाले. मग १,५६३ जणांना दिलेले वाढीव गुण मागे घेतले गेले आणि त्यांना फेरपरीक्षेचा पर्याय दिला गेला. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात असताना भौतिकशास्त्राच्या एका प्रश्नाचं एकच उत्तर बरोबर धरायचं ठरलं, आणि चार लाखांहून अधिक मुलांचे पाच-पाच गुण गेले. जुलैअखेरच्या सुधारित निकालात पैकीच्या पैकी मिळवणारे उरले १७. त्याच्या पुढच्या वर्षी पेपर इतका कठीण निघाला की देशात पहिल्या आलेल्या मुलाचे गुण होते ६८६. २०२४ च्या मुलांनी जून ते जुलै या काळात काय केलं होतं? काहीच नाही, वाट बघितली होती. उत्तरपत्रिका तीच, क्रमांक मात्र दोन-तीनदा बदलला.

हे सांगितलं की काही पालक विचारतात, ‘मॅडम, म्हणजे सगळं नशीबच?’ तसं नाही. ६०० आणि ३०० यांत फरक आहे, आणि त्यात अभ्यास, शाळा, भाषा, पैसा सगळं येतं. मी बोलते आहे ते रेषेच्या थोडं अलीकडे राहिलेल्या हजारो मुलांबद्दल. शेजारच्या घरातला मुलगा रेषेच्या पलीकडे गेला आणि आपला अलीकडे राहिला, यावरून दोघांच्या बुद्धीबद्दल, कष्टांबद्दल आपण जे निष्कर्ष काढतो त्यांना आधार नसतो.

पण रेषेला महत्त्वच नाही, असं सांगणारे सल्लागारही मला पटत नाहीत. अमेरिकेत स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर यांनी १९७६ मध्ये कॉलेजात गेलेल्या विद्यार्थ्यांची पुढची कमाई तपासली. २००२ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. साधारण सारख्याच तोडीची मुलं, काही नामवंत कॉलेजात शिकली, काही कमी नावाच्या. पुढच्या कमाईत सरासरी फारसा फरक दिसला नाही. मुलांना धीर द्यायला हा अभ्यास बरेचदा सांगितला जातो. त्याचा दुसरा भाग मात्र सांगायचा राहतो: गरीब घरातल्या मुलांना नामवंत कॉलेजचा फायदा झाला होता. माझ्या ओपीडीतल्या घरांना हा दुसरा भागच लागू पडतो. शेतमजुराच्या किंवा रिक्षा चालवणाऱ्याच्या मुलीला सरकारी एमबीबीएसची जागा मिळणं आणि न मिळणं यांत घराची पुढची तीस वर्षं बदलतात. खासगी कॉलेजची वर्षाची फी त्या घराच्या वर्षाच्या कमाईहून जास्त असते. अशा ठिकाणी ‘काही बिघडत नाही हो’ म्हणणं बरं नाही. नुकसान झालेलं आहे. नुकसान झालेल्या घरी आपण जसं जातो, फार न बोलता, काहीतरी खायचं घेऊन, तसं जावं.

आता पालकांकडे येते. ओपीडीत एक वाक्य नेहमी ऐकू येतं, ‘आम्ही नीट दिली होती, थोडक्यात हुकलं.’ बोलत असते आई. मुलगी शेजारच्या स्टुलावर मान खाली घालून. या ‘आम्ही’ला हसू नये. लातूरला, नांदेडला नाहीतर थेट कोट्याला खोली घेऊन आई दोन वर्षं मुलीसोबत राहिलेली असते. वडील गावी हाताने भाकरी थापून जेवलेले असतात. सोनं गहाण असतं, कुठे अर्धा एकर गेलेला असतो. एवढं केल्यावर यादीत नाव नाही, तर आई-वडिलांना दुःख होणारच, आणि ते त्यांचं स्वतःचं दुःख आहे. मुलाच्या दुःखासारखं ते दिसतं, पण दोन्ही एक नाहीत. मुलाला वाटत असतं, आता माझं काय. पालकांना वाटत असतं, आमचं सगळं वाया गेलं, आणि लोकांना काय सांगायचं. दोन वेगळ्या दुखण्यांना एकच औषध दिलं की दोन्ही बरी होत नाहीत.

घरात नेमकं तेच होतं. मोठी माणसं आपलं दुःख मुलाकडून वसूल करायला बघतात. ‘याला काही वाटतच नाही, दिवसभर मोबाईल.’ हे वाक्य मी मुलगा समोर असताना कितीदा ऐकलं असेल. त्या मुलाशी एकट्याने बोललं की तो सांगतो, मान वर केली की कोणाचा तरी चेहरा दिसतो, त्यापेक्षा मोबाईल बरा. वडील रागावत नाहीत, फक्त जेवताना बोलत नाहीत. मुलाला ते ओरडण्यापेक्षा जड जातं.

एसटीत चालक असलेले एक गृहस्थ चक्कर येते म्हणून आले होते. बीपी बरंच वाढलेलं. मुलाची सरकारी जागा थोडक्या गुणांनी गेलेली. विचारत गेले तसं कळलं, डेपोत सगळ्यांना आधीच सांगून ठेवलं होतं, ‘यंदा पोरगा डॉक्टरकीला जाणार’. आता ड्युटीवर जायलाच नको वाटत होतं. मुलाच्या भवितव्याची काळजी होतीच, पण रात्रीची झोप उडवत होती ती डेपोतली लाज. मी गोळी सुरू केली आणि सांगितलं, डेपोत एक माणूस असा शोधा की ज्याच्याशी हे सगळं बोलता येईल, आणि मुलासमोर यातलं अवाक्षर काढू नका. पंधरा दिवसांनी आले तेव्हा म्हणाले, ‘मॅडम, आमच्या कंट्रोलरच्या पोरीचंही असंच झालंय. आम्ही दोघं चहाला जातो आता.’ पालकांच्या दुःखाला असा समवयस्क माणूस लागतो. भाऊ, बहीण, मैत्रीण, सहकारी कोणीही चालेल. फक्त अठरा वर्षांच्या मुलाला आपल्या दुःखाचा आधारस्तंभ करू नये, त्याच्या स्वतःच्याच पायाखाली जमीन नसते.

नातेवाइकांचे फोन हा वेगळाच ताप. यावर मी एक साधा उपाय सांगते आणि तो चालतो. घरातल्या एकाच माणसाने, मामाने म्हणा, आत्याने म्हणा, सगळ्यांना उत्तर द्यायचं. उत्तर एकच: ‘प्रवेशाच्या फेऱ्या चालू आहेत, ठरलं की कळवतो.’ मुलाला कोणाचाही फोन द्यायचा नाही. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दुसऱ्याच्या मुलाचं अभिनंदन करावं, जरूर करावं, पण आपल्या मुलाकडून ते करवून घेऊ नये. त्याला करावंसं वाटेल तेव्हा तो करेल.

सांत्वनाची घाई हा आणखी एक घोळ. १९९८ मध्ये मानसशास्त्रज्ञ डॅनियल गिल्बर्ट आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या एका विद्यापीठातल्या शिक्षकांना विचारलं होतं, नोकरीत कायम केलं नाही तर किती काळ दुःखी राहाल? शिक्षकांनी वर्षांचा अंदाज दिला. प्रत्यक्षात ज्यांना नाकारलं गेलं होतं ते त्या अंदाजाइतके दुःखी नव्हते. शरीराला जशी प्रतिकारशक्ती असते तशी मनालाही असते आणि आपण ती हिशेबात धरत नाही, असा त्यांचा मुद्दा. फिजिशियन म्हणून मला तो पटतो. पण म्हणून पहिल्याच दिवशी ‘विसरशील रे, वर्षभरात हसशील यावर’ असं सांगू नये. साधा ताप तीन-चार दिवसांत उतरेल हे मला माहीत असतं, तरी पहिल्या दिवशी मी रुग्णाला ‘तुला ताप नाहीच’ असं म्हणत नाही. पहिले दोन-तीन दिवस मुलाला रडू द्यावं, गप्प बसू द्यावं. ‘वाईट झालं. आम्ही आहोत’ एवढं पुरतं. ‘मी तेव्हाच सांगत होतो’ हे वाक्य तर या काळात घरातून हद्दपार करावं.

शरीराकडे मात्र पहिल्या दिवसापासून लक्ष हवं. दोन वर्षं रात्री एकपर्यंत जागरण, पहाटे पाचला गजर, चहा-कॉफी, हल्ली एनर्जी ड्रिंक. परीक्षा संपली की घड्याळ उलटं होतं, दुपारी बाराला उठायचं आणि पहाटे तीनला झोपायचं. अशा झोपेवर कोणाचंही मन ताळ्यावर राहणार नाही. किती वाजता झोपतो यावरून भांडण्यापेक्षा सकाळी उठायची वेळ पक्की करावी, उठल्यावर अर्धा तास उजेडात चालायला न्यावं, एक जेवण सगळ्यांनी एकत्र करावं, रात्री फोन खोलीबाहेर ठेवावा. तो नियम आई-वडिलांनाही लागू. आणि एक रक्ततपासणी करून घ्यावी. ‘आळशी झाली आहे, उठतच नाही’ म्हणून आणलेल्या, मेसच्या डब्यावर दोन वर्षं काढलेल्या मुलींचं हिमोग्लोबिन नऊ-साडेनऊ निघणं आम्हाला नवीन नाही. कोणाचं थायरॉइड बिघडलेलं असतं, कोणाचं बी-ट्वेल्व्ह कमी. स्वभावाला नावं ठेवण्याआधी एवढं बघावं. धडधडीसाठी आलेल्या मुलाचा ईसीजी नॉर्मल असला तर त्याला ‘काही नाही झालेलं’ असं सांगून परत पाठवू नये. धडधड खरी आहे, हृदय चांगलं आहे आणि ताणामुळे हे होतं, असं नीट समजावलं तर निम्मी धडधड तिथेच कमी होते.

या सगळ्या जागावाटपाला अधिकृत भाषेत ‘काउन्सेलिंग’ म्हणतात, याची मला दरवर्षी गंमत वाटते. पसंतीक्रम भरा, अनामत भरा, यादी बघा, कागदपत्रं दाखवा, पुढच्या फेरीसाठी थांबा. समुपदेशन त्यात औषधालाही नाही. जूनच्या निकालानंतर सुरू झालेलं हे प्रकरण दिवाळीच्या आसपास संपतं. यातल्या काही निर्णयांना खरोखर थांबायला वेळ नसतो. पसंतीक्रमाची तारीख गेली की गेली. जात पडताळणी, नॉन-क्रीमीलेयर, अधिवास या कागदांसाठी कोणी थांबत नाही. हे काम दुःखातल्या मुलावर टाकू नये. घरातल्या किंवा शेजारच्या एका शांत डोक्याच्या माणसाने तारखांची वही ठेवावी आणि मुलाला फक्त सहीला बोलवावं. याच दिवसांत ‘सीट करून देतो’ म्हणणाऱ्यांचे फोन येतात. देशातली एमबीबीएसची प्रत्येक जागा, मॅनेजमेंट कोट्यातलीही, नीटच्या गुणांवर आणि अधिकृत फेऱ्यांमधूनच भरली जाते. रोख मागणाऱ्याला फोन ठेवायला सांगावं.

थांबू शकणारा निर्णय म्हणजे ड्रॉप, वर्षभर पुन्हा तयारी. याबद्दल माझं मत जरा कडक आहे.

आमच्या वेळी बारावीच्या पीसीबीच्या गुणांवर प्रवेश व्हायचे. नाही मिळाला तर बहुतेकांसाठी दार आपोआप लागायचं. रडून झालं की माणूस बी.एस्सी.ला, फार्मसीला, कृषीला जायचा. आता नीट कितीही वेळा देता येते, आणि २०२२ पासून वयाची वरची अटही राहिलेली नाही. उशिरा शिकायला लागलेल्या गरीब मुलांसाठी हे न्यायाचं झालं. पण बाहेरून कोणी दार लावत नसेल तर ते कधीतरी घरानेच लावावं लागतं, आणि ते काम करायला कोणी धजत नाही. म्हणून तिसरा, चौथा प्रयत्न करणारी एकवीस-बावीस वर्षांची मुलं आम्हाला दिसतात. बरोबरीचे नोकरीला लागलेले, लहान भाऊ पुढच्या वर्गात, आणि हा अजून बारावीचं तेच पुस्तक उघडून बसलेला. यातल्या काहींना मी नैराश्याचं निदान करून मानसोपचार विभागात पाठवलेलं आहे. एक वर्ष पुन्हा देणं समजू शकते. दुसऱ्यांदा थांबायचं तर त्याला फार चांगलं कारण हवं. त्यापुढे डॉक्टर म्हणून माझा विरोधच असतो.

एक वर्ष थांबायचं तरी ते यादी लागल्याच्या आठवड्यात ठरवू नये. झोप आणि जेवण रुळावर येऊ द्यावं. मग मुलाने स्वतः, कोणी न विचारता, ‘मला पुन्हा द्यायची आहे’ असं म्हणायला हवं. गुण का कमी पडले याचं नाव घेता यायला हवं: मराठी माध्यमातून आल्यावर फिजिक्सची भाषाच कळली नाही, परीक्षेच्या आठवड्यात कावीळ झाली होती, भरपूर सराव झाला नाही. ‘अजून जोर लावू’ हे कारण नव्हे. ज्याने दोन वर्षं पूर्ण जोर लावला त्याच्याकडे अजून जोर कुठून येणार? आणि वर्ष सुरू होण्याआधी वहीत लिहून ठेवावं, यानंतर यादीत नाव आलं नाही तर कुठला कोर्स घ्यायचा. याच नीटच्या गुणांवर दंतवैद्यक, आयुर्वेद, होमिओपॅथी, फिजिओथेरपी यांचे प्रवेश होतात. नर्सिंगची वेगळी सीईटी आहे. माझ्या वॉर्डातला पक्षाघाताचा रुग्ण पुन्हा चालायला लागतो तो फिजिओथेरपिस्टच्या महिनोन्महिन्यांच्या मेहनतीने. मी राउंडला येऊन पाठ थोपटते इतकंच. त्या मुलीला कोणी ‘डॉक्टर नाही झाली का?’ असं विचारलं की मला राग येतो.

स्वप्न कोणाचं आहे हे बघायला मी मुलांना एकटं असताना एक प्रश्न विचारते. समज, उद्या सरकारने जाहीर केलं की तुला यापुढे नीट देता येणार नाही, तर कसं वाटेल? काही मुलं खरंच कासावीस होतात. त्यांनी पुन्हा प्रयत्न करावा. काहींचे खांदे एकदम सैल पडतात, चेहऱ्यावर सुटका दिसते. ती मुलं तोंडाने मात्र ‘वाईट वाटेल’ असंच म्हणतात.

आता सगळ्यात गंभीर भाग. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार २०२१ आणि २०२२ या दोन्ही वर्षी देशात १३ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या, आणि दोन्ही वर्षी राज्यांमध्ये महाराष्ट्राचा आकडा सर्वांत मोठा होता. यातल्या सगळ्या परीक्षेमुळे नाहीत. अशा मृत्यूमागे सहसा एकच कारण नसतं. पण निकालानंतरचे आठवडे जोखमीचे असतात. मुलगा जेवण सोडतो, मित्रांना टाळतो, ‘मी तुमच्यावर ओझं आहे’, ‘माझ्यामुळे सगळं गेलं’ असं बोलतो, आवडत्या वस्तू वाटून टाकतो, किंवा फार अस्वस्थ असलेला एकाएकी शांत होतो, तेव्हा ‘वयच तसं आहे’ म्हणून सोडून देऊ नये. शेजारी बसून सरळ विचारावं, ‘तुला जीव द्यावासा वाटतो का?’ असं विचारल्याने डोक्यात विचार शिरतो, ही भीती खोटी आहे. विचारल्याने बहुतेक मुलांना मोकळं वाटतं. उत्तर ‘हो’ असेल, किंवा नुसतं गप्प राहणं असेल, तर त्याला एकटं ठेवू नये, शेतातली फवारणीची औषधं आणि घरातल्या गोळ्या कुलपात टाकून किल्ली आपल्याजवळ ठेवावी, आणि त्याच दिवशी जवळच्या सरकारी रुग्णालयात आणावं. प्रयत्न होऊन गेला असेल तर पोलिसांच्या भीतीने लपवू नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशा माणसाला तीव्र ताणाखाली असलेला मानलं आहे आणि त्याच्या उपचारांची जबाबदारी सरकारवर टाकली आहे.

सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी निर्देश दिले. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत प्रशिक्षित समुपदेशक हवा, कोचिंग क्लासही त्यातून सुटलेले नाहीत. निर्देश चांगले आहेत. पण मी ज्या मुलांबद्दल लिहिते आहे ती त्या आठवड्यांत कुठल्याच संस्थेची नसतात. ज्युनियर कॉलेज संपलेलं, क्लासची फी संपलेली, नवं कॉलेज मिळालेलं नाही. त्यांच्याकडे बघायला कोणी नेमलेलं नाही. म्हणून मला वाटतं, दोन गोष्टी राज्याने कराव्यात आणि त्यांना फार खर्चही नाही. प्रत्येक फेरीची यादी ज्या पानावर लागते त्याच पानावर, नाव नसलेल्यालाही दिसेल असा, मदतीचा क्रमांक मोठ्या अक्षरात द्यावा. आणि यादीनंतरच्या आठवड्यात प्रत्येक जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातल्या लोकांनी संध्याकाळची ओपीडी चालवावी. ‘वेड्यांचा विभाग’ म्हणून जिथे पाय वळत नाहीत तिथे नव्हे, मेडिसिनच्या खोलीत, आमच्या शेजारच्या टेबलावर.

ते होईल तेव्हा होईल. क्रमांक आजही आहे: टेलिमानस, १४४१६. केंद्र सरकारची ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, दिवसाचे चोवीस तास, पैसे लागत नाहीत, मराठीतून बोलता येतं. हा क्रमांक फक्त मुलांसाठी नाही. रात्री दोनला जाग आलेल्या आईनेही तो लावावा.